यजमानाला 'नाही' म्हणता येतं का?

आफ्रिकेची सहल करून आलेल्यांच्या गप्पांत आणि प्रवासवर्णनांत एक वाद हमखास निघतो. सहलीतली एक संध्याकाळ 'सांस्कृतिक भोजना'ची असते. ढोल, नाच, चेहऱ्यावर पांढऱ्या ठिपक्यांची नक्षी, खांद्यावर टाकलेलं रंगीत कापड आणि शेवटी भलंमोठं बुफे. एक पक्ष म्हणतो, हे सगळं पर्यटकांसाठी रचलेलं सोंग आहे, खरी आफ्रिका तिथे नव्हतीच. दुसरा म्हणतो, पैसे मोजले, आनंद मिळाला, तिथल्या चार माणसांना काम मिळालं, आणखी काय हवं? वर्षानुवर्षं हा वाद याच दोन टोकांवर अडकून पडला आहे, आणि तो फार वाईट रीतीने घातला जातो आहे असं मला वाटतं. पहिला पक्ष शुद्धतेचा तपासनीस होतो, दुसरा गिऱ्हाईक. ज्या माणसाने चूल पेटवली, त्याचा विचार दोघांच्याही बोलण्यात नसतो.

माझी भूमिका सुरुवातीलाच सांगतो. पदार्थ किती जुना आहे, तो मूळचा तिथलाच की बाहेरून आलेला, यावरून जेवणाचा खरेपणा ठरत नाही. तो यजमानाच्या अधिकारावरून ठरतो. काय रांधायचं, काय दाखवायचं, काय आपल्यापुरतंच ठेवायचं, किती पैसे घ्यायचे आणि कधी 'आज नाही' म्हणायचं, हे जेवू घालणारी व्यक्ती किंवा समाज ठरवत असेल, तर ते जेवण खरं. हे सगळं हॉटेलची मालक कंपनी, परदेशातला टूर ऑपरेटर किंवा पर्यटकाच्या डोक्यातलं आफ्रिकेचं तयार चित्र ठरवत असेल, तर धान्याचा दाणा न् दाणा त्याच गावात पिकलेला असला तरी ते जेवण खोटं आहे.

झिंबाब्वेतल्या व्हिक्टोरिया फॉल्स या गावात 'बोमा' नावाचं प्रसिद्ध भोजनगृह आहे. तिथे पाहुण्याच्या अंगावर चितेंगे हे छापील कापड पांघरतात, हात धुवायला पाणी देतात, रानडुकराचं मांस वाढतात, ढोल वाजवायला लावतात. आणि मोपाने झाडावरची अळी खाल्ली, तर प्रमाणपत्र देतात. आता ही अळी शंभर टक्के तिथलीच आहे. झिंबाब्वेचा दक्षिण भाग, बोत्स्वाना आणि दक्षिण आफ्रिकेचा लिम्पोपो प्रांत इथल्या लोकांचं ते पिढ्यान्‌पिढ्यांचं अन्न. पावसाच्या दिवसांत मोपानेच्या रानात अळ्यांचा बहर येतो, बायका आणि मुलं त्या वेचतात, पिळून पोट साफ करतात, मिठाच्या पाण्यात उकळून उन्हात वाळवतात. मग त्या बाजारात मापाने विकल्या जातात आणि कांदा-टोमॅटोवर परतून सड्झाच्या, म्हणजे शिजवलेल्या मक्याच्या पिठाच्या, घट्ट गोळ्याबरोबर खाल्ल्या जातात. ज्या घरात मांस रोज परवडत नाही, तिथे प्रथिनांचा तो मोठा आधार आहे. झिंबाब्वेतल्याच बुलावायो शहरातल्या घरात जे साधं कालवण आहे, त्याची पर्यटकाच्या मेजावर धाडसाची परीक्षा होते. प्रमाणपत्र नेमकं कशाबद्दल द्यायचं? शेजारच्या माणसाचं रोजचं अन्न तोंडात घालण्याची हिंमत केली म्हणून? पदार्थ अस्सल, कृती अस्सल, आणि तरीही त्या क्षणी सांगितली जाणारी गोष्ट खोटी, कारण ती अळी खाणाऱ्या समाजाबद्दल किळसच शिकवते.

याच्या अगदी उलट उदाहरण केनियातलं. 1896 ते 1901 या काळात मोम्बासापासून व्हिक्टोरिया सरोवरापर्यंत रेल्वे बांधायला ब्रिटिशांनी हिंदुस्थानातून सुमारे 32,000 मजूर नेले. त्यांच्यामागून दुकानदार गेले, कारकून गेले आणि त्या सगळ्यांबरोबर चपाती गेली. आज किकुयु समाज असो की लुओ, केनियातल्या असंख्य घरांत नाताळच्या दिवशी, पाहुणा आल्यावर, लग्नकार्यात चपाती होतेच होते. ती आपल्या पोळीसारखी नसते. मैद्याची, तेल लावून गुंडाळलेली, पदर सुटणारी, दाट रश्श्यातल्या मसूर किंवा घेवड्याबरोबर खायची. ती लाटण्यात घरातल्या बाईची अर्धी सकाळ जाते, म्हणूनच ती सणाची. अशा घरात आपल्याला चपाती वाढली तर आपण काय म्हणतो? 'पुण्याहून इथवर चपाती खायला आलो का?' ज्या पदार्थाने त्या घराने आपला मान केला, तोच आपण 'अस्सल नाही' म्हणून बाजूला सारतो. त्या घरातल्या बाईपेक्षा तिचं अन्न कोणतं हे आपल्याला जास्त कळतं, असा हा दावा नाही तर काय आहे?

शुद्धतेच्या शोधात मागे मागे जायचं ठरवलंच, तर थांबायचं कुठे? सड्झा, उगाली, न्सिमा, पाप ही पूर्व आणि दक्षिण आफ्रिकेची रोजची जेवणं आज मक्याच्या पिठाची आहेत. मका अमेरिका खंडातला. तो सोळाव्या शतकापासून पोर्तुगीजांच्या जहाजांतून आफ्रिकेत आला आणि दक्षिणेकडे तर खाणमजुरांच्या शिध्यातून, गोऱ्या जमीनदारांच्या शेतीतून विसाव्या शतकात सगळीकडे पसरला. तरी मलावीच्या न्सिमाला युनेस्कोने 2017 मध्ये अमूर्त वारशाच्या यादीत घेतलं, आणि योग्यच केलं. सेनेगलच्या चेबू जेनची कथा आणखी बोलकी आहे. मासे, भाज्या आणि टोमॅटोच्या रसात शिजलेला तुकडा तांदूळ, मोठ्या परातीभोवती बसून सगळ्यांनी मिळून खायचा. फ्रेंचांनी सेनेगलच्या शेतकऱ्याला भुईमुगाकडे वळवलं, बाजरीची शेती मागे पडली आणि ती उणीव भरून काढायला फ्रेंचांच्याच ताब्यातल्या इंडोचायनातून तुकडा तांदूळ आणला गेला. गिरण्यांत उरलेल्या त्या स्वस्त कणीतून सॅं-लुई शहरातल्या बायकांनी राष्ट्राचा पदार्थ घडवला. पेंडा म्बाये या स्वयंपाकिणीचं नाव त्याच्याशी आजही आदराने जोडतात. 2021 मध्ये तोही युनेस्कोच्या यादीत आला. वसाहतीची लूट, परका तांदूळ, अमेरिकी टोमॅटो, आणि तरी यापेक्षा जास्त सेनेगली काहीही नाही.

मराठी माणसाला हे दुसऱ्या कोणी समजावायची गरज पडू नये. ज्वारी माणसाने प्रथम लागवडीखाली आणली ती आजच्या सुदानच्या पूर्व भागात. बाजरी सहारा वाळवंटाच्या दक्षिण काठावर, मालीच्या बाजूला. नाचणी पूर्व आफ्रिकेच्या डोंगराळ प्रदेशात. हजारो वर्षांपूर्वी समुद्रमार्गे ही धान्यं आपल्याकडे आली आणि सोलापूरची, नगरची, कोकणाची भाकरी झाली. चवळीही तिकडचीच. आता एखाद्या इथिओपियन पाहुण्याने मंगळवेढ्यात येऊन सांगितलं की ज्वारी तुमची नव्हे, मला त्याआधीचं काहीतरी मराठी वाढा, तर आपण त्याला काय उत्तर देऊ? आपण म्हणू, ही आमची आहे, कारण ती आम्ही पेरतो, थापतो आणि खातो. हेच उत्तर नैरोबीच्या बाईला द्यायचा अधिकार आहे. तिच्या बाबतीत आपण पुरातत्त्वज्ञ का होतो?

अस्सलपणाचा आग्रह निरुपद्रवी आहे असं ज्यांना वाटतं, त्यांनी 1958 सालचं ब्रुसेल्सचं जागतिक प्रदर्शन आठवावं. बेल्जियमने तिथे काँगोचा एक 'पाडा' उभारला होता. माणसं खरोखरीची काँगोची, त्यांची कलाकुसर खरी, काम करणारे हात खरे. कुंपणापलीकडून बघायला येणाऱ्यांतल्या काहींनी त्यांच्याकडे केळी आणि खाऊ फेकला. त्या काँगोली कारागिरांनी हा अपमान सहन केला नाही, ते प्रदर्शन सोडून मायदेशी परतले. आजच्या पर्यटकाची कसोटी त्या पाड्याला लावली तर तो नापास झाला असता का? बांबू, गवत, माणसं, सगळं अस्सल होतं. नव्हता तो एवढाच हक्क, की आम्हाला कसं बघायचं हे आम्ही ठरवू. जी कसोटी ब्रुसेल्सच्या कुंपणाला उत्तीर्ण करते, ती कसोटी टाकून दिली पाहिजे.

केनियातच या दोन वाटा एकमेकींशेजारी दिसल्या. नैरोबीपासून जवळ, रिफ्ट खोऱ्याच्या उतारावर, मेयर्स या ब्रिटिश वसाहतकार कुटुंबाच्या रँचवर 1968 पासून पर्यटकांना मासाई लोकांचा नाच दाखवत आणि मग मालकांच्या हिरवळीवर चहा-फराळ देत. नाचणारे मासाईच होते, पोशाख त्यांचाच होता. मात्र मनगटी घड्याळं, टी-शर्ट, प्लास्टिकची भांडी पर्यटकांच्या नजरेआड ठेवायची असा दंडक होता, कारण मासाई हा घड्याळापूर्वीचा माणूस दिसायला हवा होता. 1980 च्या दशकात केनिया सरकारने हा कार्यक्रम बंद केला. त्याच देशात सरकारने 1971 मध्ये 'बोमाज ऑफ केनिया' ही संस्था काढली. तिथे वेगवेगळ्या जमातींचे नाच एकच राष्ट्रीय पथक करतं. किकुयु नर्तक किनाऱ्यावरच्या गिरियामांचा नाच करतो, लुओ नर्तकी दुसऱ्याच कोणाचा. शुद्धतावाद्याला हे भेसळ वाटेल. पण तिथे शाळांच्या सहली येतात, नैरोबीची कुटुंबं रविवारी येतात आणि आपल्याच देशातल्या इतर समाजांचे नाच पाहून जातात. सरकारी रंगमंचाचं स्वतःचं राजकारण असतं, कोणाचा नाच किती वेळ दाखवायचा यातही सत्ता असते, हे मला मान्य आहे. तरी आपल्याला कसं दाखवायचं हे तिथे केनियाचे लोक ठरवतात, आणि त्यावर भांडायचं झालं तर तेच आपापसात भांडतात. मेयर्सच्या हिरवळीवर हे शक्य नव्हतं.

माझ्या भूमिकेवर तीन आक्षेप येतात आणि तिन्ही वजनदार आहेत.

पहिला असा: अस्सलपणाची मागणीच सोडून दिली, तर उरलंसुरलं पारंपरिक अन्नही जाईल. बुफेवर पास्ता आणि चिप्स राहतील, रानभाज्या संपतील. यात तथ्य आहे. केनियात मनागू, तेरेरे, चवळीची पानं अशा देशी पालेभाज्या वसाहतीच्या काळापासून गरिबांचं खाणं किंवा शेतातलं तण मानल्या गेल्या आणि शहरांतून जवळजवळ हद्दपार झाल्या. (तेरेरे म्हणजे आपल्या माठाच्या कुळातली भाजी, आणि माठाचीही आपल्याकडे हीच उपेक्षा झाली.) पण त्या परत कशा आल्या ते बघा. मेरी अबुकुत्सा-ओन्यांगो यांच्यासारख्या कृषिशास्त्रज्ञांनी त्यांच्या बियाण्यांवर, पोषणमूल्यांवर वर्षानुवर्षं काम केलं, राष्ट्रीय संग्रहालयाने पारंपरिक अन्नाच्या नोंदी केल्या, शेतकऱ्यांनी त्या पिकवल्या आणि नैरोबीच्या बाजारांत, सुपरमार्केटांत केनियाच्या गिऱ्हाइकांनी त्या विकत घेतल्या. युनेस्कोने 2021 मध्ये केनियाच्या या कामाची उत्तम जतनकार्य म्हणून नोंद घेतली. पर्यटकाच्या ताटाने हे पुनरुज्जीवन घडवलं नाही. उलट पर्यटकाला 'आफ्रिकी' म्हणून काय हवं होतं? झेब्रा आणि जिराफाचं मांस. केनियात शिकारीवर 1977 मध्ये बंदी आली, तरी राखीव रँचवरचं वन्य मांस नैरोबीतल्या काही भोजनगृहांत पुढची पंचवीसेक वर्षं पर्यटकांना वाढलं जात होतं. त्याच शहरात सामान्य माणूस रविवारी न्यामा चोमा, म्हणजे भाजलेलं मांस, खायला जात होता, आणि ते असतं बहुधा बकऱ्याचं. मांस वजनावर निवडायचं, निखाऱ्यावर भाजून होईपर्यंत तासभर गप्पा मारत थांबायचं, मग लाकडी फळीवर तुकडे करून उगाली आणि कचुंबरीबरोबर सगळ्यांनी एकत्र हाताने खायचं. परंपरा टिकते ती स्थानिक गिऱ्हाइकामुळे. म्हणून एखाद्या जागेबद्दल मला पहिला प्रश्न विचारावासा वाटतो तो हा, की इथे तिथले लोक स्वतःच्या पैशाने जेवायला येतात का?

दुसरा आक्षेप फसवणुकीचा. यजमान ठरवेल ते खरं म्हटलं, तर त्याने थापा मारल्या तरी खऱ्याच का? केप टाउनमधल्या पर्यटकांच्या भोजनगृहांत प्रत्येकाच्या हाती जेंबे हा ढोल देतात. जेंबे मूळचा गिनी-मालीकडच्या मांडिंका लोकांचा, केप टाउनपासून हजारो किलोमीटर दूरचा. मराकेशच्या 'राजवाडा' भोजनगृहांत जेवणाबरोबर बेली डान्स असतो, जो मोरोक्कोचा नाही, इजिप्तकडचा आहे. या आक्षेपाला मी पूर्ण मान देतो. पदार्थ किंवा वाद्य दुसरीकडून आलं यात खोटेपणा नाही, 'हीच आमची हजारो वर्षांची परंपरा' असं म्हणून ते विकण्यात आहे. केप टाउनने जेंबे जरूर वाजवावा आणि तो कुठून आला तेही सांगावं. तसं न सांगता चोपन्न देशांचा खंड एकाच ढोलावर बसवला, की पाहुण्याच्या मनात आफ्रिका नावाचं एकच गाव उरतं. ही थाप यजमानालाही नुकसानीची आहे. केप टाउनला स्वतःची केवढी मोठी गोष्ट आहे! डच ईस्ट इंडिया कंपनीने इंडोनेशिया, बंगाल, मलबार, मादागास्करहून आणलेल्या गुलामांच्या वंशजांनी बो-काप वस्तीत बोबोटी, समोसे, कुसिस्टर, ब्रेयानी ही पाककला घडवली. तिथल्या बायका आज आपल्या घरात पाहुण्यांना समोसे भरायला शिकवतात आणि शिकवता शिकवता आपल्या पूर्वजांबद्दल बोलतात. त्या घरात ना ढोल लागतो ना रंगवलेले चेहरे.

तिसरा आक्षेप सर्वांत कठीण आहे, आणि त्याने मलाही बराच काळ अडवलं. गरीब यजमानाची 'निवड' ही निवड असते का? डॉलर पर्यटकाकडे आहे. ज्याला मुलांची फी भरायची आहे, तो पर्यटकाला हवं तेच दाखवणार, अळी खाण्याचं प्रमाणपत्रही देणार. अशा वेळी 'यजमानाचा अधिकार' हा सुखवस्तू लेखकाचा शब्द ठरत नाही का?

याचं उत्तर मला दक्षिण आफ्रिकेच्या शेबीनमध्ये, म्हणजे घरात चालणाऱ्या विनापरवाना गुत्त्यात, सापडतं. गोऱ्यांच्या राजवटीत काळ्या माणसाला 1962 पर्यंत वाइन किंवा कडक मद्य विकत घ्यायची कायद्याने मनाई होती. बिअर प्यायची ती नगरपालिकेच्या बिअर हॉलमध्ये, आणि तिथला नफा काळ्या वस्त्यांवरच्या कारभारासाठी वापरला जाई. या कायद्याला वळसा घालून बायकांनी घरातच बिअर गाळली, पाहुणे बसवले, बरोबर पाप आणि मटणाचा रस्सा वाढला. पोलीस धाडी घालत, पिंपं ओतून देत, दंड करत. 1959 मध्ये डर्बनच्या केटो मॅनर वस्तीतल्या बायका बिअर हॉलवर चालून गेल्या, कारण त्यांच्या चुलीवरचा घाला त्यांना पोटावरचा घाला वाटत होता. आफ्रिकेच्या इतिहासात याहून कमी स्वातंत्र्य असलेला यजमान शोधणं कठीण आहे. तरी कोणाला आत घ्यायचं, काय वाढायचं, उधारी कोणाला द्यायची हे त्या बाया ठरवत होत्या. जोहान्सबर्गच्या सोवेटो वस्तीतल्या ड्यूब भागातलं 'वँडीज प्लेस' 1981 मध्ये असंच शेबीन म्हणून सुरू झालं आणि 1994 मध्ये गोऱ्यांची राजवट संपल्यावर तिथे परदेशी पर्यटकांच्या बसेस थांबू लागल्या. म्हणजे गरिबी निवड अरुंद करते, संपवत नाही. गरिबाला निवड नसतेच असं म्हणणं दयाळूपणाचं वाटतं, पण त्याने त्या बायांनी दिलेली सगळी लढत पुसली जाते.

आणि निवड जिथे खरोखर संपते, तिथे ती कोण संपवतं? गांबियाचं उदाहरण घ्या. 1960 च्या दशकापासून ब्रिटन आणि स्कँडिनेव्हियाचे लोक थंडीत तिथल्या किनाऱ्यावर येतात. विमान, खोली, तिन्ही वेळचं जेवण, दारू सगळं आधीच एकरकमी भरलेलं. असा पर्यटक हॉटेलच्या फाटकाबाहेर जेवायला निघत नाही. बाहेरच्या छोट्या भोजनगृहांचा, मासे भाजणाऱ्यांचा, फळं विकणाऱ्या बायकांचा धंदा बसत चालला, तेव्हा 1999 मध्ये सरकारने या सर्वसमावेशक पॅकेजवर बंदी घातली. परदेशी टूर ऑपरेटरांनी दबाव आणला, पर्यटक दुसरीकडे वळण्याची भीती उभी राहिली आणि साधारण वर्षभरात बंदी मागे घ्यावी लागली. एका सार्वभौम देशाला आपल्या पाहुण्याने कुठे जेवावं हे ठरवता आलं नाही! म्हणून तिसरा आक्षेप माझी कसोटी मोडत नाही, ती अधिक धारदार करतो. तो आपल्याला ताटावरून उठवून करारापाशी नेतो. पैसे कोणाकडे जमा झाले, स्वयंपाक्याच्या हाती किती पडले, गाइडला कमिशन कोणी दिलं, पाककृती आणि जागा कोणाच्या मालकीची, या गोष्टींची चौकशी केली की अस्सलपणाची चौकशी आपोआप होते. ज्या टीकाकारांना ढोलावरच्या रंगाचा राग येतो, त्यांनी पॅकेजच्या रकमेचाही हिशोब मागावा.

यजमानाचा अधिकार शाबूत असला की काय दिसतं, ते इथिओपियाच्या राजधानीत, अदिस अबाबात बघावं. तिथेही पर्यटकांना नेतात अशी 'सांस्कृतिक' भोजनगृहं आहेत. रंगमंच असतो, वेगवेगळ्या प्रदेशांचे नाच होतात, खांदे विजेसारखे हलवणारी एस्किस्ता असते, मेसोब या विणलेल्या टोपलीच्या मेजावर इंजेरा ही आंबवलेल्या पिठाची मोठी पोळी येते. परदेशी पाहुणा म्हणतो, हा तर शो आहे. पण सभोवती बघितलं तर कितीतरी मेजांवर इथिओपियाचीच माणसं असतात. कोणाचा वाढदिवस, कोणी अमेरिकेहून आलेल्या भावाला घेऊन आलेलं, कोणी गुर्शा म्हणून शेजाऱ्याच्या तोंडात आपल्या हाताने घास भरवतं. नाचाच्या वेळी खुर्च्यांवरून उठून तेच आधी नाचू लागतात. दुसरी गोष्ट उपवासाची. ऑर्थोडॉक्स ख्रिस्ती इथिओपियन बुधवारी आणि शुक्रवारी, शिवाय ईस्टरपूर्वीचे 55 दिवस आणि इतरही अनेक दिवस मांस, दूध, अंडी वर्ज्य करतात. अशा दिवसांत कितीतरी ठिकाणी मांस मिळत नाही. डाळी, चण्याच्या पिठाचं शिरो, कोबी, बीट, पालेभाज्या यांचं बेयानेतू एकाच मोठ्या इंजेरावर मांडून येतं. पाहुण्याने कितीही पैसे देऊ केले तरी कसाई दुकान उघडत नाही. हे 'नाही' मला नाचाहून आणि टोपलीहून अधिक महत्त्वाचं वाटतं, कारण त्या दिवशीचा मेन्यू तिथल्या समाजाच्या पंचांगाने ठरवलेला असतो. मराकेशमधल्या स्थानिकांच्या छोट्या खानावळींतही कुसकुस शुक्रवारीच होतो, दुपारच्या नमाजानंतर घरोघरी होतो तसा. पर्यटकांच्या राजवाड्यात तो सातही दिवस रात्रीच्या जेवणात मिळतो. दोन्ही ठिकाणचा रवा एकच, वाफही तशीच. तरी शुक्रवारची खानावळ खरी, कारण तिथे मंगळवारी कुसकुस मागणाऱ्याला दुसरं काहीतरी खावं लागतं.

यजमानाच्या अधिकारात नवं काही करण्याचा अधिकारही आला, आणि हे आपण सर्वांत जास्त नाकारतो. सिएरा लिओनमध्ये वाढलेल्या, घानाच्या अक्रा शहरात काम करणाऱ्या फातमाता बिंता या फुलानी समाजाच्या शेफ आहेत. त्या पाहुण्यांना जमिनीवर चटईवर बसवतात, फोनिओसारखं सहेलचं, म्हणजे सहाराच्या दक्षिण काठावरच्या पट्ट्यातलं, भरड धान्य रांधतात, भटक्या पशुपालकांच्या स्वयंपाकाची कथा सांगतात, आणि मांडणी मात्र आजची, स्वतःची करतात. 2022 चा बास्क पाककला जागतिक पुरस्कार त्यांना मिळाला. रवांडाच्या किगाली शहरात, मूळ काँगोत जन्मलेले शेफ डिउवेल मलोंगा खंडभरच्या मसाल्यांवर आणि आंबवण्याच्या पद्धतींवर प्रयोग करतात. पॅरिसच्या शेफने आजीच्या पाककृतीची मोडतोड केली की ती प्रतिभा, आणि किगालीच्या शेफने केली की 'हे काही खरं आफ्रिकी नाही', हा कोणता न्याय? आफ्रिकेच्या माणसाने भूतकाळातच राहावं आणि भविष्य फक्त पाहुण्याने आणावं, ही मागणी मेयर्सच्या रँचवर घड्याळं लपवायला लावणाऱ्या दंडकाहून वेगळी नाही.

आता थोडं आपल्याबद्दल. मुंबई-पुण्याहून निघणाऱ्या अनेक सहली केनियात आपला आचारी बरोबर नेतात किंवा रोज भारतीय जेवणाची हमी देतात. त्यात मला काही गैर वाटत नाही. शाकाहारी माणसं असतात, वय झालेली असतात, पथ्यं असतात. खटकतं ते एवढंच, की बाकी सगळे दिवस यजमानाचं अन्न टाळून एका संध्याकाळी आपण त्याच्याकडे शुद्ध आफ्रिका मागतो आणि ती मिळाली नाही म्हणून नाक मुरडतो. शाकाहारी मराठी माणसाला तिकडे खायला काही नाही, हा समजही निराधार आहे. मका आणि घेवड्याची गिथेरी, बटाटा, मका आणि भोपळ्याची पानं कुटून केलेला मुकिमो, किनाऱ्यावर नारळाच्या दुधात शिजवलेला राजमा, रोजची सुकुमा विकी ही पालेभाजी, हे सगळं केनियातल्या घराघरांत शिजतं. ज्या लॉजच्या बुफेवर आपण पनीर शोधतो, त्याच लॉजच्या मागच्या बाजूला कर्मचाऱ्यांच्या कॅन्टीनमध्ये उगाली, सुकुमा आणि घेवडा रांधला जातो. टूर कंपन्यांनी ढोल-नाचाच्या संध्याकाळचे पैसे अशा जेवणाकडे वळवावेत, स्वयंपाक करणाऱ्यांना त्याचा वेगळा मोबदला ठरवून द्यावा, आणि बरोबर नेलेल्या आचाऱ्याने एक दिवस त्यांच्या हाताखाली काम करावं. कॅन्टीन ही दिवसभर पाहुण्यांची सरबराई करणाऱ्या माणसांची स्वतःची जागा आहे, म्हणून पाहुण्यांना तिथे बसवायचं की नाही हे आधी त्यांनाच विचारावं लागेल. ते नको म्हणाले, तर तेच जेवण दुसरीकडे कुठे आणि किती पैशांत वाढायचं, तेही त्यांनीच सांगावं.